रविवारचे रामायण आणि 'रिडल्स'

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा लागले आणि बालपणीच्या ओढीने मीही पाहत बसलो. १९८७ साली वस्तीत एकच टीव्ही. रविवारी सकाळी आम्ही पोरं त्याच्यापुढे दाटीवाटीने बसायचो.

त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' छापले. राम-कृष्णावरील परिशिष्टावरून गदारोळ उठला. १९८८ मध्ये भीमसैनिकांनी मुंबईत विराट मोर्चा काढला. बाप मोर्चाला गेला. मी मात्र पुढच्या भागाची वाट पाहत होतो!

१९९१ मध्ये मालिकेतले सीता आणि रावण, दोघेही भाजपचे खासदार झाले. २०२४ मध्ये रामही.

मित्रांनो, त्यांची कथा सरकारी पडद्यावरून घराघरांत पोहोचली, आपल्या प्रश्नांना रस्त्यावर उतरावे लागले. मालिका जरूर पाहा, पण शेजारी 'रिडल्स' उघडे ठेवा.

जय भीम!