दाराच्या आंतलें काम

जागरणाला आपल्याकडे पूर्वापार मान आहे. कोजागरीच्या रात्रीं कोण जागें आहे तें पाहत लक्ष्मी फिरते, अशी श्रद्धा. लग्नानंतरच्या गोंधळांत रात्र सरते, एकादशीची भजनांत. पण हीं सारीं जागरणें एका रात्रीचीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं ताणून दिली कीं हिशेब चुकता. आठवड्याच्या पांच रात्री परक्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठीं जागणाऱ्या माणसाला मात्र या परंपरेंत अजून जागा मिळालेली नाहीं.

पुण्यांत असा माणूस आतां नवलाचा राहिलेला नाहीं. आमची एक भाची आमच्याच घरीं राहून ही नोकरी करते. हिवाळ्यांत न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात, तेव्हां येथें सायंकाळचे साडेसात झालेले असतात. तिकडे दुपारचे साडेचार, तेव्हां येथें पहांटेचे ३. तिकडच्या गृहस्थाचा बिलावरचा संताप भर दुपारचा असतो, आणि तो ऐकणारीच्या पापण्यांवर पहांटेचें ओझें असतें.

झोंप या विषयांत आमचा अनुभव थोडाथोडका नाहीं. तीस वर्षें आम्ही ती समोरच्या बांकांवर पाहत आलों आहों. तरी पहांटेच्या झोंपेची जात निराळी. त्या सुमारास शरीराचें उष्णतामान सर्वांत खालीं उतरतें. देहांतलें हें घड्याळ पेशींच्या आंत कसें चालतें, याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. भाचीला त्या घड्याळाची ओळख पारितोषिकावांचूनच झाली आहे. तीनच्या पुढें ती उभी राहून बोलते, भरपूर उजेडांत बसते, मधल्या सुटींत वीस मिनिटें डोळे मिटते. कॉफी घ्यावयाची ती रात्रीच्या पूर्वार्धांतच; कारण तींतलें निम्में कॅफीन सुमारें पांच तासांनींही अंगांत उरतें, आणि सकाळीं तेंच झोंपेच्या आड येतें.

खरी गोम येथेंच आहे. रात्रींचें जागणें दिवसां झोंपून कमवावें लागतें. सकाळीं सातला ती घरीं येते ती काळा चष्मा लावून. उन्हानें डोळ्यांना दिवस उजाडल्याची वर्दी देऊं नये, एवढाच तिचा हेतु. सोसायटींतल्या मंडळींना त्यांत नखरा दिसतो. मग तिच्या खोलीचा पडदा ओढला जातो, आणि बाहेर कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी, दारावरची घंटा असा आमचा दिवस सुरू होतो. अकरा वाजतां कोणी नातेवाईक येतात आणि विचारतात, "अजून झोंपलीच आहे का?"

लवकर उठणें हा आपण सद्गुण मानला, त्यामुळें उशिरां उठणारा आपोआप आळशी ठरतो. परंतु रात्रीं झोंपणाऱ्याला सारें गांव साहाय्य करीत असतें. दिवे मालवतें, आवाज खालीं आणतें. दिवसां झोंपणाऱ्याला हें साहाय्य कोणी द्यावयाचें? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्याप्रमाणें रात्रीं साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवावयाचें तर तिची संमति घ्यावी लागते, तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची व्यवस्था करावी लागते. कायदा तिला दारापर्यंत आणून सोडतो. दाराच्या आंतलें काम घरच्यांचें आहे.

आमच्या मातोश्रींनीं हें आम्हां सर्वांच्या आधीं ओळखलें. वयाच्या ऐंशीव्या वर्षीं त्यांनीं देवपूजेंतील घंटा वाजवावयाची सोडली. एका पाहुण्यांनीं त्याबद्दल नवल केलें, तेव्हां त्या हळूच म्हणाल्या, "देव जागाच असतो हो. पोरीला आतां कुठें डोळा लागलाय."

पाहुण्यांनींही मग आपला आवाज खालीं आणला.