मनीचे मौन

गिरगावातील चाळीत मांजर सहसा कोणी मुद्दाम आणीत नाही. ते आपणहून येते आणि घरचे होऊन जाते. भूक लागली की ते ओरडते, दार बंद दिसले की ओरडते. दुखणे मात्र ते कोणालाच सांगत नाही. रानात दुबळेपणा उघड करणे म्हणजे जिवाशी गाठ. तेव्हाची ही सावध वृत्ती माणसाच्या उबेतही त्याने सोडलेली नाही.

त्यामुळे कर्करोगासारखा आजार मांजराच्या घरात मांजराच्याच पावलांनी, आवाज न करता येतो. त्याच्या खुणा लहान असतात. अंग हळूहळू वाळत जाते. घास तोंडातून पडतो, लाळ गळते, तोंडाला दुर्गंधी येते. सदा अंग चाटून स्वच्छ राहणाऱ्या त्या प्राण्याची लव विस्कटलेली दिसते. पोटावरून हात फिरवताना एखादी गाठ बोटांना लागते. मादीच्या स्तनांतील गाठी बहुधा घातक असतात. म्हणून हरभऱ्याएवढ्या गाठीचीही उपेक्षा करू नये. सहा महिन्यांची होण्यापूर्वी जिचे गर्भाशय व बीजकोश काढले, त्या मादीला हा धोका पुष्कळ कमी असतो.

पांढऱ्या मांजराला ऊनही बाधते. त्याच्या कानाच्या टोकावर किंवा नाकावर खपली धरते. घरच्यांना वाटते, भांडणात बोचकारले असेल! पण भांडणातील जखम काही दिवसांत भरून येते. ही भरत नाही. वेळीच ओळखली, तर कानाचा तेवढा भाग कापून मांजर वाचवता येते. उशीर झाला, तर वेदना कमी करणे एवढेच हाती उरते.

अशी खूण दिसली म्हणजे कर्करोगच झाला, असे मात्र नाही. दातांचे किंवा मूत्रपिंडाचे विकारही असेच रूप घेऊन येतात. खरा निवाडा पशुवैद्याने गाठीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच होतो. शिवाय मांजराचा कर्करोग माणसाला लागत नाही. तेव्हा भीतीपोटी त्याला घराबाहेर काढण्याचे काहीच कारण नाही.

परळमध्ये माणसांच्या कर्करोगावर उपचार करणारे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्याच परळमध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि तेथेच १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. एका दारी रोगी आपली व्यथा आपल्या तोंडाने सांगतो. दुसऱ्या दारी ती सोबत आलेल्या माणसाला सांगावी लागते. खाणे केव्हापासून कमी झाले? गाठ प्रथम केव्हा दिसली? ती वाढते आहे का? टेबलावरचा रोगी गप्प असतो. ज्याने त्याच्याकडे रोज दोन घटका नीट पाहिले असेल, त्यालाच या प्रश्नांची उत्तरे देता येतात.