पावशी आणि सुरा

आमच्या घरात दोन धर्म सुखाने नांदतात. मातुःश्रींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणून स्वयंपाकघर हे त्यांचे राज्य. आम्हांस कोंबडी वर्ज्य नाही, म्हणून मागील अंगण, तीन दगडांची चूल व एक जुनी बिडाची कढई एवढाच आमचा मुलूख. मागल्या दाराचा उंबरठा ही दोहोंमधील हद्द. वकिलीच्या धंद्यात हद्दीचे तंटे आम्ही पुष्कळ पाहिले. परंतु इतकी बिनबोभाट पाळली गेलेली हद्द दुसरी पाहिली नाही.

हद्दीचे आम्हांस वावडेही नाही. आमचे सौंसर व शेजारचे पांढुर्णा हे मुलूखच मुळी हद्दीवरचे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पुढे २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीत हिंदी आणि चुलीपाशी मराठी, अशी आमची रीत. तिच्यामुळे कोणाची जीभ विटाळल्याचे ऐकिवात नाही.

गेल्या वर्षी पोळ्याला आमचा भाचा अमेरिकेतील अटलांटा येथून आला. पोळ्याच्या अमावास्येला श्रावण संपतो आणि इकडील अनेक घरांत दुसऱ्या दिवशी सामिष स्वयंपाक होतो. भाच्याने जाहीर केले, “मामा, उद्याची कोंबडी माझ्याकडे. तिकडच्या दक्षिणेत तळतात तशी करतो.” आम्ही संमती दिली. तो सरळ स्वयंपाकघरात शिरला आणि पावशीस हात घालणार, तोच मातुःश्रींचा निकाल कानी आला.

“माह्या पावशीले हात लावू नको, बाबू!”

पुण्यामुंबईकडे जिला विळी म्हणतात तीच आमची पावशी. भाचा खट्टू झाला. “आजी, म्हणजे आम्ही अपवित्र का?” मातुःश्री काही न बोलता मेथी निवडीत राहिल्या. खरे सांगायचे तर तो प्रश्न आमच्याही मनात कित्येक वर्षे होता; फक्त विचारण्याचे धैर्य नव्हते.

अखेर रानातली हत्यारे पुढे आली. भाच्याच्या सामानात डोंगरात भटकताना वापरावयाचा एक जाड पाठीचा सुरा होता. आम्ही संत्र्याच्या बागेतील झोपडीतून वडिलांचा सुरा आणला. दोर कापणे, पोती उसवणे, फांदी छाटणे ही त्याची कामे. साधे पोलाद असल्याने फळांच्या आंबट रसाने त्याचे पाते काळवंडलेले. दर खंडेनवमीला त्यास हळदकुंकू लागते, या विचाराने आमचा हात किंचित अडखळला, हे कबूल केले पाहिजे.

भाचा म्हणाला, “घाव घालू नका, सांधा शोधा.” आंगठ्याने चाचपून सांधा सापडला की पाते अलगद आत जाते, हाड फुटत नाही. उलटतपासणीचेही मर्म हेच. एका कोंबडीचे आठ तुकडे झाले. वास्तविक ते रात्रभर ताकात मुरावयाचे. परंतु आदली रात्र पोळ्याची, तेव्हा सकाळी कापून दुपारपर्यंत बर्फात ठेवून भागवले. मग मीठ, मिरे व तिखट घातलेल्या मैद्यात घोळवून भुईमुगाच्या तेलात मंद आचेवर तळणे. जॉर्जिया प्रांतातही भुईमूग अमाप पिकतो, हे ऐकून आमच्या कढईस परकेपणा वाटला नसावा.

तळता तळता भाच्याने त्या पदार्थाचा इतिहास सांगितला. मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ च्या पाकपुस्तकात ही कृती छापलेली आहे. परंतु गोऱ्यांच्या घरी चुलीपुढे उभ्या असत त्या बहुधा गुलाम काळ्या स्त्रिया. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, तेव्हा व्हर्जिनियातील गॉर्डन्सव्हिल स्थानकावर अशाच स्त्रिया तळलेल्या कोंबडीची ताटे डोक्यावर घेऊन आगगाडीच्या खिडक्यांशी उभ्या राहत आणि त्या मिळकतीवर संसार चालवीत. जिच्या हातचे खावयाचे तिला पंक्तीस बसू द्यावयाचे नाही, अशीही एक हद्द जगात होती. आमच्या देशातही ती होती, आणि पुरती पुसली गेली आहे असे म्हणवत नाही. आम्ही उंबरठ्याकडे पाहिले. ही हद्द त्याच जातीची तर नव्हे?

सायंकाळी बागेतील सालदार आला. त्या दिवशी पांढुर्ण्यास गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो, आणि पांढुर्णा व सावरगाव असे दोन्ही काठ एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात. माणसे मेलीही आहेत. सालदाराच्या कपाळावरची पट्टी रक्ताने भिजली होती. आम्ही गडबडलो. तेवढ्यात सकाळपासून अंगणाकडे न फिरकलेल्या मातुःश्री हळद व कोमट पाणी घेऊन उंबरठा ओलांडून आल्या. कोंबडीच्या पाटाशेजारीच बसल्या, जखम धुतली, बांधली. सालदार संकोचाने म्हणाला, “आजी, इथं बाट आहे.”

त्या म्हणाल्या, “बाट माह्या ताटापुरता असते रे. माणसाले कायचा बाट?” आणि नातवाकडे वळून, “पहिले याले वाढ. उपाशी आहे तो.”

भाच्याने मांडीचा मोठा तुकडा त्याच्या पानात घातला. आजीस पुन्हा प्रश्न विचारण्याचे त्यास कारण उरले नाही. स्वतःस आवरण्यासाठी घातलेली हद्द आणि दुसऱ्यास अडविण्यासाठी घातलेली हद्द दिसावयास सारखीच. परंतु पहिली घालणारा मनुष्य वेळ येताच ती ओलांडून येतो.

मातुःश्रींनी नंतर स्नान केले आणि त्या देवापुढे बसल्या. आम्ही दोन्ही सुरे राखेने घासले. भाचा आपला सुरा येथेच ठेवून गेला. खंडेनवमीस पाटावर तीन पाती मांडली होती. कुंकू तिन्हींस लागले. पावशी मात्र, दोन बोटे का होईना, बाजूस सरकवून ठेवलेली होती.