अब्बांचा व्हिसा आमच्या नावावर

खर्डीहून कसारा लोकलने ठाण्याला जायला जेवढे अंतर पडते, जवळजवळ तेवढेच जिद्द्याहून मक्का आहे, ८० किलोमीटर. हा हिशेब अब्बांचा. २०२५ च्या एप्रिलमध्ये जिद्द्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बसून त्यांनी तो आम्हाला कितीदा ऐकवला असेल! ‘ठाण्याला जायला कुणी परवाना मागतं का रे?’

आम्ही नवरा-बायको बारा वर्षे जिद्द्यात आहोत. अब्बा-अम्मींना एकदा इकडे आणायचे, ही पहिल्या पगारापासूनची इच्छा. आमच्या इकाम्यावर फॅमिली व्हिजिटचा अर्ज भरला, दोघे बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जाऊन आले आणि रमजानमध्ये विमानातून उतरले. अल्हम्दुलिल्लाह, उमरा झाला. काबा पहिल्यांदा नजरेस पडला तेव्हा अम्मी बराच वेळ बोलल्याच नाहीत. इथवर सगळे गोड होते.

ईद झाली आणि अब्बांनी जाहीर केले, ‘आलोच आहे तर हज करूनच जातो.’ हज कमिटीच्या कुर्‍यात त्यांचे नाव दोनदा हुकले होते. कर्ज फिटलेले, मुलांची लग्ने झालेली. त्यांचे म्हणणे चूक तरी कसे म्हणावे? त्यात एका ओळखीच्या माणसाने कानात सांगितले, की शुमैसीचा नाका चुकवून आडवाटेने नेणारे ड्रायव्हर मिळतात, थोडे रियाल मोजले की झाले.

व्हिजिट व्हिसावर हज करता येत नाही. त्या वर्षी २९ एप्रिलपासून अशा पाहुण्यांना मक्केत शिरायला वा राहायला बंदी होती. विना तसरीह हज करताना सापडला तर पाहुण्याला २० हजार रियालपर्यंत दंड. पण ज्याने त्याच्यासाठी व्हिसाचा अर्ज केला, त्याला एक लाख रियालपर्यंत, म्हणजे आपले २२ लाखांच्या वर, आणि माणसे जितकी तितक्या पटीने. अब्बा-अम्मी दोघे म्हणजे दुप्पट. मुदत संपूनही पाहुणा गेला नाही आणि बोलावणार्‍याने वेळेत कळवले नाही, तर त्यालाही ५० हजार रियालपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि परदेशी असेल तर देशाबाहेर रवानगी. आमची नोकरी, मुलीची शाळा, खर्डीच्या घरावर चढणारा स्लॅब, सगळे त्या एका अर्जाला बांधलेले.

अब्बांना वाटे, ‘पकडलं तर मला पकडतील, तुमचं काय जातंय?’ गावाकडे तसेच असते ना, ज्याची चूक त्याचा दंड. पण आम्हाला खरी भीती दंडाची नव्हती. २०२४ च्या हजमध्ये मक्केचा पारा ५१ अंशांच्या वर गेला होता. १,३०१ माणसे गेली आणि त्यातली ८३ टक्के विनापरवाना आलेली होती, असे सौदी सरकारनेच सांगितले. त्यांना ना तंबू, ना गाडी; उन्हात मैलोन्‌मैल पायी. अब्बांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. सौदीच्या वरिष्ठ उलेमांनीही परवान्याशिवाय हजला जाणे जायज नाही, जाणारा गुनाहगार ठरतो, असे म्हटले आहे. हे सगळे एका रात्री सांगितले, तेव्हा अब्बा एवढेच म्हणाले, ‘मुलगा बापाला हजपासून अडवतो, हे पहिल्यांदा पाहिलं.’ पुढचे चार दिवस घरात फक्त अम्मी बोलत होत्या. आमच्यातही त्यावरून भांडण झाले; आमच्यातला एक तर डगमगलाच होता, कोण ते सांगत नाही.

चूक आमचीच होती. ही गोष्ट अर्ज भरण्याआधी खर्डीला फोन करून सांगायला हवी होती. आम्ही फक्त सामानाचे वजन आणि कुठली लोणची आणायची तेवढे सांगितले. व्हिसा म्हणजे आमंत्रणपत्रिका, असे आम्हीही समजून चाललो होतो. तो हमीचा कागद आहे आणि त्यावर सही आपली असते.

मेच्या दुसर्‍या आठवड्यात तिकीट काढले. विमानतळावर अब्बांनी नातीला जवळ घेतले, आमच्या डोक्यावर मात्र हात ठेवला नाही. ६ जूनला इकडे ईद झाली, दुसर्‍या दिवशी खर्डीत. आम्ही फोन केला. अब्बा कुर्बानीबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, भाताच्या रोपांबद्दल बोलले. हजचा शब्द नाही.

जुलैत पुढच्या हजचे अर्ज सुरू झाले तेव्हा त्यांचा स्वतःहून फोन आला. पासपोर्टची झेरॉक्स हवी होती, ती इथेच राहिली होती. शेवटी म्हणाले, ‘तुझा धाकटा भाऊ तिकडे यायचं म्हणतोय. तो परत कधी येणार, हे त्याच्याकडून लिहून घेतल्याशिवाय अर्ज भरू नकोस.’

आम्ही अजून भरलेला नाही.