सुरीची पारख

सुरी विकत घेणे आणि सोयरीक जुळवणे यांत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी पाहणारा वरच्या चकाकीला भुलतो, आणि खरा स्वभाव घरात आल्यावर कळतो. फरक एवढाच की, सुरी बोथट निघाली तर ती पाजवता येते!

हे सुचायला कारण झाला माझा भाचा. तो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो. तिथे नोव्हेंबरात बंदुकीने हरणे मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा ठरला. तिथे परवाना काढून, मारलेल्या हरणाची नोंद करून, बापलेक जोडीने रानात जातात. शेजाऱ्याने यंदा भाच्यालाही बोलावले आहे. सुरी मात्र ज्याची त्याने आणायची. त्याचा फोन आला, "मामा, आजोबा असते तर त्यांनाच विचारलं असतं. थोड्या पैशांत कसली सुरी घेऊ?"

त्याची आई, म्हणजे माझी ताई, त्या दिवशी माझ्याकडेच होती. ती हळूच म्हणाली, "दुसरं काही बोल बाबा. त्या सुऱ्या मागं टाकायला किती वर्षं लागली आपल्याला!"

आमचे वडील खाटीक. तालुक्याच्या बाजारात त्यांचे मटणाचे दुकान होते. शाळेत ताईच्या डब्याशेजारी कुणी डबा उघडत नसे. तिचा सल मला ठाऊक आहे. पण मुलगा आजोबांची विद्या मागत होता. ती नाकारायची म्हणजे त्या न उघडलेल्या डब्यांचेच म्हणणे खरे मानायचे. मी बोलत राहिलो.

वडिलांकडे हत्यारे तीनच. हाडासाठी जड सत्तूर, मांसासाठी निमुळती सुरी, आणि कातड्यासाठी पोटाला गोलाई असलेली आखूड सुरी. कातड्याला टोक लागून भोक पडले की चांभारवाड्यात त्याचा भाव उतरे, म्हणून ही गोलाई. भाच्याला म्हटले, "सत्तूर सोडून दे. चार इंची एक आणि सहा इंची अरुंद पात्याची एक, एवढ्यात हरीण सुटतं. दहा सुऱ्यांची पेटी दिसेल, तिच्याकडे पाहू नकोस. त्यातल्या आठ नुसत्या पाहुण्या असतात."

सत्तूर नको म्हणण्याला आणखी एक कारण होते. तिकडच्या हरणांत मेंदू सडवणारा एक रोग आहे. १९६७ साली तो प्रथम कोलोरॅडोत दिसला आणि २००२ मध्ये विस्कॉन्सिनात सापडला. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही. पण मांस शिजवून त्याचे विष मरत नाही. म्हणून मेंदू आणि पाठीचा कणा यांना हात न लावता, हाड न फोडता मांस सोडवावे, आणि नमुना तपासून येईपर्यंत खाऊ नये, असे तिथले जाणकार सांगतात. अशा कामाला अरुंद पातेच हवे. ते हाडाच्या कडेकडेने चालते.

आता पैशांची गोष्ट. स्वीडनमधल्या मोरा गावच्या साध्या सुऱ्या, किंवा १८८४ पासून चालत आलेल्या स्विस व्हिक्टोरिनॉक्सच्या खाटकी सुऱ्या, या काही श्रीमंतांच्या वस्तू नव्हेत. त्यांची मूठ प्लास्टिकची असते. दिसायला गरीब, पण चरबीने माखल्यावर निसटत नाही आणि गरम पाण्याने स्वच्छ होते. लाकडी मूठ देखणी खरी, पण ती रक्त पिते आणि पुढे तडकते. पोलाद फार कडक असले तर धार टिकते, पण हाडाला लागून टवका उडतो आणि निसण्यावर घाम गाळावा लागतो. मऊ पोलादाची धार लवकर वाकते, पण पोलादी कांबेवर चार हात फिरवले की पुन्हा सरळ होते. नवशिक्याने मऊच घ्यावी. वडील म्हणत, "सुरीचे पैसे एकदा द्यायचे, धारेचे रोज." बोथट सुरीला जोर लागतो, आणि जोराने निसटलेली सुरी बकऱ्याकडे न जाता आपल्या बोटाकडे येते.

माझे बोलणे ऐकत ताई भिंतीला टेकून बसली होती. मी सांगत होतो, मांडीचा सांधा कुठे असतो ते नीट पाहून मगच पाते घाल. तिने एकदम हात पुढे केला.

"दे इकडे. चुकीचं सांगतोयस त्याला."

फोन कानाला लावून ती मुलाला म्हणाली, "अरे, सांधा डोळ्यांनी नाही शोधायचा. पाय हलवायचा आणि बोटानं चाचपायचा. तुझे आजोबा डोळे मिटूनसुद्धा शोधत. मी शेजारीच उभी असायची ना."

पुढचा अर्धा तास मला फोन मिळाला नाही.