माळ्यावरचं कॅबिनेट

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या सर्व्हरमधल्या एका हार्डडिस्कने मान टाकली. सर्व्हर म्हणजे काही फार नाही हो, एक जुना कॉम्प्युटर, त्यात चार डिस्क आणि त्यांवर घरातले सगळे फोटो. शिवाय बाबांनी १९८६ साली टेप केलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. आजी गेली, पुढे ती कॅसेटही बुरशीने गेली. आता आजीचा आवाज आहे तो एवढाच.

डिस्क जोडीने लावल्या होत्या, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं, म्हणून वाचलो. पण कॅबिनेट उघडलं आणि स्वतःचीच लाज वाटली. चारही डिस्क एकीवर एक, भाकरीच्या चवडीसारख्या. मधे बोट जाईना. अशा डिस्कची मर्यादा साधारण ६० अंशांची. हिने ५८ दाखवलं होतं तेव्हा मी 'चालतंय की' म्हणून सोडून दिलं होतं.

२००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध आपल्याला वाटतो तितका सरळ नाही, असं त्यात निघालं. फार तापलेल्या आणि वय झालेल्या डिस्कचं मात्र खरं नव्हतं. माझी दोन्ही होती!

मग नवीन कॅबिनेटचा शोध. हल्ली दुकानात जावं तर सगळीकडे काच आणि रंगीत दिवे. डिस्कला जागा किती विचारलं की "दोन बसतील ना सर." फ्रॅक्टल डिझाइनचं नोड ३०४ आवडलं, छोटंसं, तरी सहा डिस्क घेतं. पण त्याला मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड लागतो, माझा मोठा. त्याचाच थोरला भाऊ नोड ८०४, त्यात आठ डिस्क आणि माझा बोर्डही बसतो. पण रुंदी ३४४ मिलिमीटर, आणि फ्रिजशेजारी मला मिळालेली जागा बरोब्बर एक फूट. (हिच्याशी वाटाघाटी करून पाहिल्या. असो.)

शेवटी आई म्हणाली, "अरे, माळ्यावर तुझा तो पिवळा डबा पडलाय ना?"

२००४ सालचं, लॅमिंग्टन रोडवरून लोकलने आणलेलं कॅबिनेट! तेव्हा पांढरं होतं. सीडी आणि डीव्हीडी ड्राइव्हसाठी पुढे चार खण. टेप घेऊन बसलो. एक खण सुमारे ४१ मिलिमीटर उंच, म्हणजे तीन खणांचे १२३. डिस्कची जाडी २६, चारांचे १०४. म्हणजे दोन डिस्कमध्ये पाचेक मिलिमीटर हवा, आणि समोर १२० मिलिमीटरचा पंखा नेमका मावतो. असा तीन खणांत चार डिस्क बसवणारा पिंजरा तयारच मिळतो. डिस्कखाली रबराच्या चकत्या घातल्या, नाहीतर रात्री सगळं कॅबिनेट गुणगुणतं. पुढे धुळीसाठी जाळी. ती दर रविवारी पुसायची, हे काम चिरंजीवांकडे.

मे महिन्यात दुपारी ४४ अंशांच्या वर काटा गेला नाही. दिसायला भयंकर आहे. पाहुणे आले की ही त्यावर टेबलक्लॉथ टाकते आणि मी तो काढतो.

ताई, वाचत असशील तर एक काम. घराला काही झालं तर माझ्या या चारही डिस्क एकदमच जातील, म्हणून तुझ्याकडे ओव्यांची पाचवी प्रत पाठवली आहे. महिन्यातून एकदा ती लावून ऐक. आणि टीव्हीच्या मागे ठेवू नकोस, तिथे फार गरम होतं.