डाळ, अंडी आणि रेपो दर

पनवेलच्या वर्गात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजानं कर्ज देते तो दर, शिकवायला घेतला की मी आधी फळ्यावर बाजारभाव लिहितो. तूरडाळ, अंडी, दूध, बोंबील. मग विचारतो, ‘रिझर्व्ह बँकेनं व्याज वाढवलं, तर यातलं काय स्वस्त होईल?’ पुस्तकातलं उत्तर मुलांना पाठ असतं, पण बोंबलांपाशी येऊन ते अडतं. मग मी सुबीर गोकर्ण यांच्याकडे वळतो.

गोकर्ण पेशानं अर्थतज्ज्ञ. मुंबईचं सेंट झेवियर्स, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, अमेरिकेत पीएच.डी., मग गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत अध्यापन आणि पुढे क्रिसिल या पतमानांकन संस्थेत मुख्य अर्थतज्ज्ञ. नोव्हेंबर २००९मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले, तेव्हा अन्नधान्याची महागाई भडकलेली होती.

२०१०मध्ये त्यांनी प्रथिनांच्या भावांवरच एक भाषण केलं. लोकांच्या हातात चार पैसे आले की ताटात नुसता भात-पोळी राहत नाही. डाळ, दूध, अंडी, मासे वाढतात. मागणी अशी वाढते, उत्पादन मात्र त्या वेगानं वाढत नाही. ही महागाई पावसानं ओढ दिल्यामुळे आलेली नाही, त्यामुळे पुढचा पाऊस चांगला झाला म्हणून ती जाणारही नाही, असा त्या मांडणीचा रोख होता. व्याज वाढवून तुरीला शेंगा लागत नाहीत.

तरीही मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४.७५वरून ८.५ टक्क्यांवर नेला. मुलं इथे हटकून विचारतात, ‘मग कशाला वाढवला?’ कारण भाव चढतच राहणार असं लोकांच्या मनानं एकदा घेतलं, की कामगार जास्त मजुरी मागतो, कारखानदार किंमत वाढवतो आणि डाळीची महागाई कापड, सिमेंटपर्यंत पोचते. व्याजदर अडवतो तो हा फैलाव. त्याची किंमतही असते : कर्ज महागतं, गुंतवणूक मंदावते.

विद्यापीठातला अर्थतज्ज्ञ कारण सांगून थांबू शकतो. मध्यवर्ती बँकेतल्या माणसाला अपुरं हत्यार हातात घेऊन ठरलेल्या तारखेला निर्णय द्यावाच लागतो. गोकर्ण २०१२च्या अखेरीपर्यंत त्या पदावर होते. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत कार्यकारी संचालक झाले आणि २०१९मध्ये, साठीच्या आत, गेले.

‘व्याजदर वाढला की महागाई कमी होते’ एवढंच लिहिलेल्या उत्तराला मी निम्मेच गुण देतो. महागाई कशाची आणि कशामुळे, हे लिहिल्याशिवाय उरलेले मिळत नाहीत.